वाई भागातलं जुनं मिशन चर्च: वय कसं ओळखायचं, आणि दुरुस्ती चुन्यात की सिमेंटात?

कृष्णाकाठ

वाई तालुक्यातल्या एका खेड्यात अमेरिकन मिशनच्या काळातलं छोटं चर्च आहे. पूर्वी आठवडाभर तिथेच शाळा भरायची, म्हणून जुनी माणसं अजून 'मिशनची शाळा'च म्हणतात. मंडळी लहान आहे, पण दर रविवारी उपासना होते. आता दुरुस्तीचा निर्णय घ्यायचा आहे.

आतलं माप ३८ × २० फूट. भिंती काळ्या दगडाच्या, दोन फूट जाड, बाजूला १२ फूट उंच. वर मंगलोरी कौलं, छप्पर पेलणाऱ्या चार लाकडी कैच्या. लांबीच्या दोन्ही भिंतींत चार-चार कमानीच्या खिडक्या, त्यांचे उंबरे जमिनीपासून अडीच फुटांवर. रस्त्याकडच्या बाजूला दोन सारखी दारं. समोरच्या टोकाला बरोबर मध्यभागी लाकडी उपदेशपीठ, त्याखाली फूटभर उंचीचा ओटा, पुढे प्रभुभोजनाचा मेज. भिंतीवर क्रूस नाही, रंगीत काचा नाहीत, मनोरा नाही. कोनशिलाही सापडत नाही.

दक्षिणेच्या भिंतीला आतून तीन फुटांपर्यंत ओल आहे, पोपडे सुटतात. मागच्या त्रिकोणी भिंतीत कोपऱ्यातून वर गेलेली तिरकी भेग आहे, खाली केसाएवढी आणि वर पाऊण इंच. दोन कैच्यांची भिंतीत गेलेली टोकं काळी पडली आहेत. बाहेरच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, मागे एकदा सिमेंटने भरल्या होत्या. रस्ता काँक्रीटचा झाल्यापासून जोतं जवळपास बुडालं आहे.

कमिटीपुढचा प्रस्ताव असा: आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, खाली विट्रिफाइड टाइल, कौलं काढून रंगीत पत्रा, आणि 'चर्चसारखं दिसावं' म्हणून समोर मनोरा व आत वेदी. इमारत साधारण कधीची असेल आणि यातलं काय करावं, काय करू नये?

व्यासपीठ

मनोरा आणि वेदी आधी बाजूला ठेवा, कारण तो प्रश्न खर्चाचा नाही. तुमची इमारत अर्धवट राहिलेली नाही. ती जशी हवी होती तशीच बांधलेली आहे.

इंग्लंडमध्ये १६६२ च्या कायद्याने राज्यमान्य चर्चचं प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं. ते न मानणाऱ्या सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांना आपली जागा सोडावी लागली. १६८९ च्या कायद्याने अशा मंडळ्यांना नोंदणी करून उघडपणे जमण्याची मुभा मिळाली आणि त्यांनी बांधलेली घरं साधी राहिली. वेदी नाही, फक्त मेज. मध्यभागी शास्त्रवाचन आणि उपदेश. साध्या काचेतून भरपूर उजेड, म्हणजे प्रत्येकाला स्वतः वाचता यावं. याच परंपरेतले काँग्रिगेशनल लोक १६६२ च्या आधीपासूनच अमेरिकेत गेलेले होते, तिथे १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड स्थापन झालं आणि त्याचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. तोच अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ. अहमदनगरचं केंद्र १८३१ चं, साताऱ्याचं १८४९ चं, म्हणजे राज्य खालसा झाल्यानंतर लगेचचं. वाई भाग या साताऱ्याच्या शाखेत येतो. सांगली-मिरजेकडची जुनी चर्चं प्रेसबिटेरियन मिशनची. तिथे कारभारात वडिलांच्या (म्हणजे मंडळीच्या निवडलेल्या ज्येष्ठांच्या) सभेला जास्त वजन आणि काँग्रिगेशनल मंडळीत सगळ्या सभासदांच्या मताला, पण खेड्यातली इमारत दोघांची जवळपास सारखीच. १९२४ मध्ये हे दोन्ही प्रवाह युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आले आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. दारावरच्या पाटीचे रंगाचे थर हलक्या हाताने खरवडलेत तर मिशन, युनायटेड चर्च आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही तिन्ही नावं एकाखाली एक निघू शकतात.

तुमच्या मोजमापात मला सगळ्यात बोलका वाटतो तो खिडक्यांचा अडीच फुटी उंबरा आणि फूटभराचा ओटा. बाकांवर बसणाऱ्यांसाठी बांधलं असतं तर दोन्ही उंच असते. हे सतरंजीवर बसणाऱ्या लोकांसाठी बांधलेलं आहे, म्हणजे शाळेतली मुलं आणि रविवारची मंडळी दोघांसाठी. दोन दारं पुरुष आणि स्त्रियांची. पेटी-तबला घेऊन भजन करायला ही रचना फार सोयीची. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा साताऱ्यातच सुरू केला आणि त्यांची भजनं आजही आपल्याकडच्या उपासनेत गायली जातात. उद्या बाकं ठेवायची झाली तरी ओट्याची उंची वाढवू नका.

ही खोली ऐकण्यासाठी आहे. ३८ फुटांत साधा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, कारण चुन्याचा मऊ गिलावा, उघडं लाकूड आणि कौलांमधल्या फटी आवाज शोषतात. घोटलेलं सिमेंट, गुळगुळीत टाइल आणि वर पत्रा किंवा पीओपी झालं की आवाज घुमायला लागतो, शब्द एकमेकांत मिसळतात, मग माइक येतो आणि तोही घुमतो. आसपासची 'नवी केलेली' दोन-तीन चर्चं आत उभं राहून ऐकून या, मग ठरवा.

चुनाघाणी

ओलीबद्दल लिहितो. तिची कारणं तुमच्याच प्रश्नात आहेत: बुडालेलं जोतं आणि सिमेंटच्या दरजा.

आपला काळा दगड स्वतः फारसं पाणी पीत नाही. त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडते ती फक्त दरजांतून. त्या सिमेंटने बंद केल्या की पाणी आतल्या बाजूला वळतं, चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर येतं आणि सोबत आणलेला खार पृष्ठभागाशी साचवतं. खाराचे स्फटिक फुगतात, म्हणून पोपडे. त्यावर सिमेंटचा गिलावा मारलात तर एक-दोन वर्षं भिंत कोरडी दिसेल आणि ओल तीन फुटांवरून पाच फुटांवर जाईल. तिथून ती कैच्यांच्या टोकांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

पहिलं काम भिंतीला हात न लावता करायचं. दक्षिण बाजूची भर काढून जोत्याचा किमान एक फूट दगड उघडा करा. भिंतीपासून तीन फुटांवर उताराचा चर काढा आणि वळचणीचं पाणी त्यात पडेल असं बघा. भिंतीला चिकटून काँक्रीट किंवा पेव्हर नकोत; तिथे खडी टाका. रस्त्याच्या बाजूने पाणी येत असेल तर ग्रामपंचायतीकडून गटार करून घ्यावं लागेल, त्याला पर्याय नाही. यानंतर एक पावसाळा जाऊ द्या. पुष्कळदा अर्धी ओल एवढ्यानेच उतरते.

मग दरजा. आधी एक सिमेंटची दरज फोडून आत काय आहे ते बघा. खेड्यातल्या बांधकामात बहुतेक वेळा भिंतीच्या पोटात मातीचा गारा असतो आणि चुना फक्त तोंडाला. पाण्यात चोळल्यावर विरघळली ती माती. अशा भिंतीत कुणी सिमेंटचं पाणी दाबाने भरायला सांगितलं तर नाही म्हणा. मातीत ते पसरत नाही, गोळे होऊन बसतं आणि भिंत जागोजागी कडक-मऊ होते.

सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढायचं, ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा जातात. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, कमीत कमी एक इंच. ब्रशने धूळ काढा, आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी पाणी मारा. दगड ओलसर हवा, वाहता नको.

चुना कळीचाच (न विझवलेल्या खड्यांचा) घ्या, ताजा, बंद पोत्यातला. हवा लागून भुगा झालेला चुना मेलेला असतो. टाकीत आधी पाणी, त्यात कळ्या थोड्या थोड्या टाकायच्या. आकारमानाने एकाला साधारण तीन पाणी. कळ्यांवर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. चष्मा आणि हातमोजे लागतातच. ढवळून ३ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा आणि वर दोन इंच पाणी ठेवून किमान महिनाभर मुरू द्या. घाईत वापरलात तर न विरलेले कण नंतर भिंतीत फुलतात आणि चुना उडवतात.

मिश्रण: एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग धुतलेली जाडी-भरडी वाळू. सुरखी मध्यम भाजलेल्या विटांची हवी. काळी पडलेली, जास्त भाजलेली वीट कुटून टाकली तर ती नुसती वाळूचं काम करते, चुन्याशी धरत नाही. घाणी नसेल तर मॉर्टार मिल भाड्याने मिळते. निदान २०-२५ मिनिटं मळा, वरून पाणी ओतत राहू नका. जुने गवंडी गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालतात, त्याने चुना हाताला लोण्यासारखा लागतो, पण जास्त झालं तर आळायला फार उशीर लागतो. थापीने घट्ट दाबून अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या थरात भरा आणि दरज दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवा, दगडावर पसरू नका. नंतर दहा दिवस ओलं गोणपाट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. एप्रिल-मेच्या उन्हात चुना आळण्याआधीच सुकतो आणि बोटाने खरवडला जातो.

आतला खारावलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत उतरवा, भिंत काही महिने उघडी राहू द्या, सुका खार ब्रशने झाडत राहा. खार धुवायचा नाही, तो परत आत जातो. मग चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट मारलात तर वरचं सगळं वाया. खाली शहाबादी फरशी असेल तर तीच उचलून चुन्याच्या दरजांत पुन्हा बसवा. विट्रिफाइड टाइलखालची ओल जायला जागा नसते, ती भिंतीत चढते.

सह्याद्री_बिल्डकॉन

चुना वगैरे ठीक आहे, पण छोट्या मंडळीला दर दोन-तीन वर्षांनी कौलं चाळणं परवडत नाही. शिवाय माकडं. पत्रा टाका, वजन एकदम कमी होईल, जुन्या कैच्यांवरचा भारही उतरेल.

कैची_वासे

वर पत्र्याचं सुचवलंय त्यांचा मुद्दा देखभालीपुरता बरोबर आहे, पण इथे पत्रा दोन कारणांनी चुकीचा ठरेल. कौलांचं वजन चौरस मीटरला ३५ ते ४० किलो, पत्र्याचं पाचच्या आसपास. कैच्या भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असतात आणि कौलांच्या वजनानेच वाऱ्यात जागेवर राहतात. पत्रा टाकला की तेच छप्पर वळवाच्या वाऱ्यात वर उचललं जातं, म्हणजे कैच्या भिंतीत खोल नांगरायला हव्यात, आणि मातीच्या गाऱ्याची भिंत तो ओढ घेत नाही. दुसरं कारण व्यासपीठ यांनी सांगितलंच आहे: ही ऐकायची जागा आहे आणि जून ते सप्टेंबर पत्र्याखाली उपदेश ऐकूच येणार नाही.

आता कैच्या. तुमच्या मापाच्या खोलीला बहुधा किंग पोस्टची कैची असेल: खाली आडवी तुळई, वर दोन मुख्य वासे, मधे उभा खांब, त्याच्या पायापासून दोन तिरके टेकू. मधला खांब दिसतो खांबासारखा, पण तो भार खाली नेत नाही. तुळईला वरून धरून ठेवतो. त्याच्या पायाशी लोखंडी पट्टी आणि पाचर असते. पाचर सैल झाली असेल तर तुळई मधे झोळ घेते. तुळईत पंख्यासाठी किंवा माळ्यासाठी कुणी खाच पाडली आहे का, तेही बघा. ती ताणात असते. ती तुटली तर वासे भिंतींना बाहेर ढकलतात.

काळ्या टोकांची परीक्षा पेचकसाने करा. मोठा पेचकस हाताने दाबून अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेला तर लाकूड कुजलंय. वरच्या बाजूने आणि भिंतीच्या फटीतूनही टोचा, कारण कूज तिथून सुरू होते. वाळवीच्या मातीच्या नळ्या असतील तर जमिनीपासून माग काढा, फक्त वर औषध मारून भागत नाही.

दुरुस्तीत आधी टेकू. ते कैचीच्या सांध्यांखाली द्यायचे, तुळईच्या मधोमध नाही. त्या भागावरची कौलं उतरवा. कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि सांध्याच्या प्रत्येक बाजूला किमान चार बोल्ट. पट्टीची जाडी आणि बोल्टचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या, ते अंदाजावर सोडायचं नाही. नवीन टोक दगडी पाटावर ठेवा आणि भोवती इंचभर हवा खेळू द्या. टोकाभोवती सिमेंट थापणं हेच बहुतेक ठिकाणी पहिल्या कुजण्याचं कारण असतं.

कौलांचा हिशेब: बाहेरून २४ फूट रुंदी, दोन्हीकडे दोन फूट वळचण, ३० अंशांचा उतार आणि साधारण ४२ फूट लांबी धरली तर दोन्ही पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, मिळून १,३६० चौरस फूट होतात. चौरस मीटरला १५ कौलं, म्हणजे सुमारे १,९००, शिवाय आढ्याची चाळीसेक. उतरवताना जपलंत तर बरीचशी जुनीच वापरता येतील. बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला. नवीन घ्यायची तर दोन-चार कौलं तोलून दिवसभर पाण्यात बुडवा. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर तो माल नको. जुनी आणि नवी एकाच ओळीत मिसळू नका, खाचा जुळत नाहीत. एक पाखं जुन्यांचं, एक नव्यांचं करा. रिपांचं (कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर प्रत्यक्ष कौल ठेवून ठरवा, साधारण साडेबारा इंच येतं. माकडांसाठी वळचणीच्या दोन आणि आढ्याजवळच्या दोन ओळी कौलाच्या खालच्या कानातून तांब्याच्या तारेने रिपेला बांधा. आढ्याची कौलं चुन्यातच बसवा. सिमेंटमध्ये बसवली की उन्हात तडकतात.

भेगेबद्दल. वर रुंद म्हणजे त्रिकोणी भिंत बाहेर कलते आहे. ओळंबा लावून खात्री करा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात या पट्ट्यातल्या दगडी बांधकामांना असेच तडे गेले होते, त्यामुळे भेग जुनी असून थांबलेलीही असू शकते. भेगेवर काचेची पट्टी जिप्समने चिकटवा, तारीख लिहा, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहा. काच फुटली नाही तर चुन्याने भरून घ्या आणि भिंत छपराला बांधा: शेवटच्या पर्लिनपासून (कैच्यांवरच्या आडव्या लाकडापासून) लोखंडी पट्टी भिंतीच्या आरपार नेऊन बाहेर चकतीने आवळायची. भिंतीची आतली आणि बाहेरची फळी सुटी झाली असेल, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर आरपार दगड घालावे लागतील, आडवे चार फुटांवर आणि उभे दोन फुटांवर. एका वेळी एकच भोक, तेही दगड हलवून काढून, घणाचा ठोका न मारता. काच फुटली तर मात्र आधी पाया उघडून बघायचा, वरचं काम नंतर.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. जोत्याचं काम लगेच धरतो. काल दोन गोष्टी पाहिल्या. कौलाच्या पोटावर इंग्रजीत 'कॉमनवेल्थ' आणि 'फेरोक' असं उठलेलं आहे. आणि भिंतीच्या माथ्याखाली फूटभर, दोन्ही बाजूंना, विटांनी बुजवलेल्या चौकोनी खाचांची ओळ आहे, दोन-दोन फुटांवर. घंटेच्या जोखडावर २४ आकडा आहे, तो सालाचा असेल का?

दफ्तरखाना

चांगले पुरावे आहेत. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. फेरोक हे कालिकतजवळचं. म्हणजे ही कौलं १९१९ च्या नंतरची. पण त्या बुजवलेल्या खाचा सांगतात की भिंती त्याआधी उभ्या होत्या. दोन फुटांवरच्या खाचा म्हणजे जवळजवळ लावलेले वासे, आणि वर बहुधा नळीची देशी कौलं. नंतर भिंती फूटभर वाढवून कैच्या आणि मंगलोरी कौलं आली. वरच्या फूटभराचा दगड आणि दरजा खालच्यापेक्षा वेगळ्या दिसतात का ते तपासा. त्या विटा काढू नका, फोटो आणि मापं घेऊन ठेवा. २४ बहुधा घंटेच्या तोंडाचा इंचातला व्यास असेल, टेप लावलात की कळेल. अमेरिकन ओतीव घंटांवर कारखान्याचं नाव जोखडावर किंवा घंटेच्या खांद्यावर असतं. रंग लागला असेल तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा.

कागदांसाठी आधी गावातच बघा: मंडळीचं बाप्तिस्मा रजिस्टर, लग्नाचं रजिस्टर, सभेची इतिवृत्तं. 'नव्या मंदिरात' अशी पहिली नोंद कधी येते ते शोधा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि भूमी अभिलेख कार्यालयातली मिळकत पत्रिका किंवा जुनं टिपण मिळवा. जागेचा मूळ कागद मोडीत असेल तर साताऱ्यात मोडी वाचणारे आहेत, कागद घराबाहेर न देता त्याचे फोटो द्या. छापील साधनांत १८८५ चं सातारा गॅझेटिअर, अमेरिकन मराठी मिशनचे वार्षिक अहवाल आणि १८४२ पासूनचा 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक. अमेरिकन बोर्डाचं दप्तर हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात आहे. गावाचं नाव अहवालांत वेगवेगळ्या इंग्रजी स्पेलिंगने येतं, तीन-चार रूपं करून शोधा, आणि 'चॅपल' न सापडल्यास 'स्कूल हाउस' बघा. तुमच्याकडे तर शाळाच भरत होती.

हा धागा वाचणाऱ्या सांगलीकरांसाठी: तो जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे वाळवा, तासगाव, खानापूर तालुक्यांतल्या चर्चचे त्याआधीचे महसुली कागद सातारा दप्तरात शोधावे लागतात. संस्थानी गावांचे मात्र वेगळे.

कृष्णाकाठ, दरजा फोडायला घ्याल तेव्हा वरच्या वाढवलेल्या फूटभरातला आणि खालचा चुना वेगवेगळ्या डब्यांत मूठ-मूठ ठेवा आणि डब्यावर जागा लिहा. चुनाघाणी यांना दाखवलात तर दोन्ही कामांच्या मिश्रणातला फरक ते सांगू शकतील.